दिंडीचा दिवस : नातेपुते ते माळशिरस

पहाटे अडीच

नातेपुत्याच्या तळावर सगळ्यांत आधी जाग येते ती टँकरपाशी. बॅटरी घेऊन दोन अक्का तिथे उभ्या असतात. अडीच ते साडेतीन बायकांच्या आंघोळी, मग पुरुषांच्या, हा आमच्या दिंडीचा क्रम. बादली किती भरायची, म्हाताऱ्या माणसाला मध्ये घ्यायचं का, पाणी कमी दिसतंय तर आज कपडे धुणं बंद ठेवायचं का, हे सगळं या दोघी ठरवतात. दिंडीचे महाराजसुद्धा त्यांच्यापुढे बादली घेऊन रांगेत उभे राहतात.

पूर्वी असं नव्हतं. जो आधी उठेल त्याचं पाणी आधी, आणि आधी उठणारे पुरुष असत. बायका अंधारात ओढा, कालवा, विहीर शोधत फिरायच्या. मग एका बैठकीत एका अक्कांनी विचारलं, "तुळस डोक्यावर आम्ही घ्यायची आन् पाणी शेवटी आम्हालाच का?" कुणाला उत्तर सुचलं नाही. त्याच बैठकीत क्रम बदलला आणि टँकरची राखणही बायकांकडे गेली. मला त्यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. नुसता क्रम बदलला असता तर चार दिवसांत तो पुन्हा ढिला पडला असता.

वारीत इतकी शिस्त कुठून येते, असं शहरातले मित्र विचारतात. मी त्यांना या टँकरपाशी आणून उभं करतो. ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीच्या रथापुढे 27 दिंड्या, रथामागे दोनशेहून जास्त, शिवाय नोंद नसलेल्या कितीतरी. एवढा जनसागर कुणा एका माणसाच्या हुकुमावर चालणं शक्य नाही. कोणत्या गोष्टीत कुणाचा शब्द शेवटचा, हे प्रत्येक दिंडीत आधीच ठरलेलं असतं, आणि ते साऱ्यांना ठाऊक असतं. म्हणून हे चालतं.

आमची दिंडी रथामागची. माणसं बहुतेक परभणी-हिंगोलीकडची, शेतकरी आणि शेतमजूर, दोनशेच्या आसपास. निघण्याआधी गावच्या मारुतीच्या देवळात बैठक होते. भिशी, म्हणजे वाटखर्चाची वर्गणी, किती घ्यायची ते ठरतं, ज्याला जमत नाही त्याची भिशी कोण उचलणार ते न बोलता ठरतं, आणि कामं वाटली जातात. पाणी, स्वयंपाक, तळ, औषधपेटी, हजेरी. आचारी आणि ट्रकचा ड्रायव्हर सोडले तर कुणाला एक रुपया मिळत नाही. उलट प्रत्येकजण भिशी भरून वर काम करतो.

पहाटे पाच

पहिला कर्णा झाला. राहुट्या सोडायच्या. खुंट्या उपटून मोजायच्या, वळकट्या ट्रककडे न्यायच्या. वळकटीवर नाव आणि राहुटीचा नंबर रंगाने लिहिलेला असतो. ट्रकमध्ये कोणती राहुटी आधी चढवायची याला कारण आहे: संध्याकाळी जी आधी उभी करायची ती शेवटी चढते. स्वयंपाकाचा तंबू, म्हाताऱ्यांची राहुटी आणि बायकांची राहुटी अगदी शेवटी. हे तळाच्या पोरांनी स्वतःच शोधून काढलं, आणि त्यामुळे भर पावसात उतरायची वेळ आली तरी म्हातारी माणसं उघड्यावर बसत नाहीत.

दुसऱ्या कर्ण्याला दिंड्या आपापल्या क्रमाने रस्त्याला उभ्या राहतात. तिसऱ्याला पालखी निघते.

ही घडी हैबतबाबांची. साताऱ्याकडच्या आरफळचे हे गृहस्थ ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. पुढे आळंदीला येऊन राहिले आणि 1832 च्या सुमारास माऊलींच्या पालखी सोहळ्याला त्यांनी आजचं रूप दिलं. त्याआधी, 1685 पासून, तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी पादुका पालखीत घेऊन जाण्याची प्रथा सुरू केली होती. हैबतबाबांनी लष्करातला अनुभव भजनाच्या कामी लावला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू दिले. वासकर महाराज, खंडोजीबाबा अशा मंडळींनी दिंड्या उभ्या केल्या. चोपदार, कर्णा, तळ, क्रम हे सगळं फौजेच्या धाटणीचं. फौजेत मात्र शिक्षेचं भय असतं. इथे ते नाही, तरी तिसऱ्या कर्ण्याला एकही दिंडी गैरहजर नसते.

सकाळी सात

चालताना सत्ता विणेकऱ्याची. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या ओळी, मध्ये मृदंगी, त्यांच्यामागे वीणा, आणि वीणेमागे तुळशी-हंडा घेतलेल्या बायका. काकड्याचे, वासुदेव-आंधळे-पांगळ्यांचे अभंग, गौळणी, मग वाराचे अभंग, हा क्रम ठरलेला. तरी त्या क्रमात कोणता अभंग कधी काढायचा, किती वेळ घोळवायचा, कधी आवरता घ्यायचा हे विणेकरी ठरवतो. मागून कुणी गाण्याची हौस म्हणून मध्येच दुसरं काही उचललं तर टाळ त्याच्याबरोबर जात नाही. तो आपोआप थांबतो.

चालीचा वेग मात्र विणेकरी ठरवत नाही, पताकावालेही नाही. तो सगळ्यांत मागच्या तुळशीवाल्या बायका ठरवतात. त्यांच्यापैकी एकीने हात वर केला की निरोप ओळीओळीने पुढे जातो आणि पताका हळू होतात. पुढच्या दिंडीत आणि आपल्यात फार अंतर पडलं तर सोहळ्याचे चोपदार येऊन सांगतात. मग आमचे विणेकरी ठेका थोडा चढवतात, आणि पाय आपसूक उचलतात. "चला, चला" असं कुणी ओरडत नाही.

नवा टाळकरी ओळीच्या कडेला कधीच देत नाहीत. दोन जुन्यांच्या मध्ये तो चालतो. दोन्ही कानांनी ठेका येतो, दोन्ही बाजूंनी पाऊल दिसतं. शाळेतला एक मास्तर पहिल्यांदा आला होता. चार पुस्तकं वाचून पावली शिकला होता आणि ती त्याला काही केल्या जमत नव्हती. या मधल्या जागेवर तो फलटण येईपर्यंत तयार झाला.

नऊच्या सुमारास

विसावा. चहा, पोहे. रस्त्याकडेला केळी, बिस्किटं, राजगिऱ्याचे लाडू वाटणारी माणसं दुतर्फा उभी असतात. त्यांचा भाव खरा असतो, पण वाटपापाशी झुंबड उडाली की म्हातारी माणसं चेंगरतात. म्हणून आमच्यात ओळ सोडून कुणी जायचं नाही. दोघेजण पिशवी घेऊन जातात, मिळेल ते आणतात आणि ओळीत वाटतात. सालं, कागद पुन्हा त्याच पिशवीत.

दुपारी बारा, मांडवे ओढा

ट्रक आधीच पोचलेला. पिठलं, भाकरी, भात, ठेचा. पालखी मार्ग चौपदरी झाला तसं चालणं सोपं झालं, पण अनेक ठिकाणची जुनी झाडं गेली. माळशिरस तालुक्यातल्या आषाढात ऊन चांगलंच लागतं. त्यामुळे जेवणाला सावली शोधणं हे आता तळवाल्या पोरांचं नवं काम होऊन बसलं आहे. आज त्यांनी एका शेतकऱ्याच्या बांधावरच्या बाभळी गाठल्या होत्या. शेतकऱ्याला विचारून, आणि निघताना जागा झाडून देऊ असं सांगून.

पंगत एकच. हे मी मुद्दाम लिहितो. इरावती कर्व्यांनी 'वाटचाल' या लेखात त्यांच्या वेळच्या वारीचं वर्णन केलं आहे. एकाच दिंडीत चालणारे, एकच अभंग गाणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगवेगळे बसत, आणि ते पाहून त्या फार अस्वस्थ झाल्या होत्या. विठोबाच्या मंदिराची दारं दलितांना उघडी व्हावीत म्हणून साने गुरुजींना 1947 साली पंढरपुरात उपोषण करावं लागलं. चंद्रभागेच्या वाळवंटात समतेचे अभंग शतकानुशतकं गायले गेले आणि तरीही हे घडलं. गाणं एकत्र असलं म्हणजे निर्णयही एकत्र होतात असं नाही. आमच्या दिंडीत वाढप्यांची पाळी लावताना जात पाहिली जाणार नाही, हे जुन्या मंडळींनी बैठकीत ठरवून घेतलं होतं. ते ठरलं तेव्हा दोन घरं दिंडी सोडून गेली. त्यातलं एक पुढे परत आलं. ती दोन घरं गेली तेव्हा वाईट वाटलं, असं म्हातारे सांगतात. निर्णय बदलला असता तर बरं झालं असतं, असं मात्र एकानेही कधी म्हटलेलं नाही.

जेवणानंतर बाभळीखाली बैठक. रोज होते, अर्ध्या तासाची. पाणीवाल्यांनी पाण्याचं, स्वयंपाकवाल्यांनी शिध्याचं सांगायचं. त्यात चर्चा होत नाही, कारण ते त्यांच्या हातातलं आहे. सगळ्यांना लागणारी गोष्ट असेल तेवढीच चर्चेला येते.

आज तशी गोष्ट होती. धर्मपुरीपासून एक कुटुंब आमच्यामागे चालत होतं. नवरा-बायको, दोन लेकरं, आणि म्हातारी आई. ज्या गाडीबरोबर ते आले होते तिच्याशी चुकामूक झालेली. रात्री ते आमच्या राहुटीच्या कडेला झोपले होते. त्यांना घ्यायचं का?

हजेरीवाला म्हणाला, भिशी न भरलेल्यांना घेतलं तर उद्या आणखी येतील. स्वयंपाकवाल्या मावशी म्हणाल्या, पाच पानांनी माझं काही अडत नाही. तळवाला म्हणाला, पानांचं ठीक आहे, जागेचं काय? आत्ताच एका राहुटीत चौदा माणसं. पोलिसांच्या मदत केंद्रात नाव द्यावं, ते त्यांच्या माणसांना शोधून काढतील, असं एकजण म्हणाला. ते सगळ्यांना पटलं, पण आज रात्रीचा प्रश्न त्याने सुटत नव्हता.

महाराज तोवर गप्प होते. ते नेहमी शेवटी बोलतात. पूर्वी ते आधी बोलत, आणि मग बैठक तिथेच संपे. त्यांचा शब्द पडल्यावर कोण बोलणार? हे त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आलं आणि तेव्हापासून त्यांनी ही सवय लावून घेतली. मोठेपण असलेल्या माणसाने बैठकीत तोंड मिटून ऐकणं हे फार अवघड काम आहे. ते करणारी माणसं मी संस्थांमध्ये, सोसायट्यांमध्ये, पक्षांमध्ये फार थोडी पाहिली आहेत.

हात वर करून मोजायची पद्धत आमच्यात नाही. ज्याचा विरोध आहे त्याला विचारतात: काय झालं तर तुझी हरकत राहणार नाही? हजेरीवाल्याला हेच विचारलं. तो जरा वेळ थांबून म्हणाला, "त्यांनी कामात यावं. आन् तीन दिवसांत त्यांची माणसं सापडली न्हाईत तर पुन्हा बैठक घ्यावी." तळवाल्याने आपली वळकटी ट्रकखाली टाकायची तयारी दाखवली, म्हणजे एक जागा झाली. मग महाराज एवढंच म्हणाले, "म्हाताऱ्या आईला राहुटीत घ्या, बाकीचं ठरलंच आहे."

मतं मोजली असती तर हे कुटुंब पाच मिनिटांत आत आलं असतं. पण मग हजेरीवाला हरलेला माणूस म्हणून पंढरपूरपर्यंत चालला असता, आणि रोज हजेरी घेताना त्या पाच नावांपाशी त्याचा आवाज चढला असता. आता अट त्याची आहे, म्हणून ते कुटुंबही त्याचं झालं. निघताना लेकरांच्या गळ्यात दिंडीच्या नंबरची चिठ्ठी त्यानेच बांधली.

दुपारी तीन, पुरंदावडे

माऊलींच्या सोहळ्यातलं पहिलं गोल रिंगण. सदाशिवनगरजवळच्या या मैदानात पालखी मध्ये, भोवती दिंड्यांचं कडं, आणि त्यामधून घोड्यासाठी राखलेली वाट. आधी पताकावाले धावतात, मग तुळशी-हंडेवाल्या, टाळ-मृदंगवाले, विणेकरी. त्यानंतर दोन अश्व, एकावर स्वार, दुसऱ्याची पाठ मोकळी. तो मोकळ्या पाठीचा माऊलींचा. त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं झेपावतात.

चेंगराचेंगरीची भीती इथे असते. चोपदार कडं आखून देतात आणि दिंड्या ते धरून ठेवतात. पहिल्या ओळीत धट्टीकट्टी माणसं हातात हात गुंफून बसतात, लेकरं त्यांच्यामागे. आमच्यात प्रत्येकाची जोडी लावलेली असते. रिंगण संपलं की आधी आपला जोडीदार शोधायचा, मग माती घ्यायची. जोडीदार सापडला नाही तर हजेरीवाल्याकडे जायचं. शोधत गर्दीत फिरायचं नाही. शोधायला गेलेला माणूस स्वतः हरवतो, हे वारीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

रिंगणानंतरची उडी म्हणजे साऱ्या दिंड्यांचे टाळ-मृदंग एकाच ठेक्यात. तिथे कोणती दिंडी कुणाची हे उरत नाही. ती अर्धी घटका अंगात भरून घ्यावी. तिच्याविषयी जास्त लिहिता येत नाही.

सायंकाळी साडेपाच, माळशिरस

वाटेतच तळावरून फोन. तळावर फक्कीने आखून दिलेल्या आमच्या जागेत शेजारच्या दिंडीच्या दोन राहुट्या आल्या होत्या. आमची पोरं चिडली होती. "खुंट्या उपटून टाकू का?" सकाळपासून ती माल चढवत-उतरवत होती, रिंगण त्यांना मिळालं नव्हतं, आणि आता हे.

खुंटीला हात लावायचा नाही, हा जुना नियम. दुसऱ्याच्या राहुटीत कुणाची तरी आजी झोपलेली असू शकते. पोरांना सांगितलं, जागा आहे तेवढी लावा, बाकीचं समाजआरतीला.

समाजआरती

सगळ्या दिवसात मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो या वेळेचा. पालखी तळावर येते, दिंड्या तिच्याभोवती गोल उभ्या राहतात. हजारो टाळ एकदम वाजत असतात. मग चोपदार चोप वर करतात, लांबलचक पुकारा देतात, आणि टाळ थांबतात. एका क्षणात. ज्याने ते ऐकलं नाही त्याला पटणार नाही.

ज्या दिंडीची तक्रार असेल तिने मात्र थांबायचं नाही. तिने टाळ वाजवत राहायचं. सगळा तळ शांत आणि तुमचेच टाळ चालू, म्हणजे तुमचं गाऱ्हाणं माऊलींच्या दारात, सगळ्या समाजासमोर आहे. ना अर्ज, ना शिक्का. चोपदार तुमच्याकडे चालत येतात, ऐकतात, पुढे सोहळ्याचे मालक आणि प्रमुख यांच्या कानावर घालतात. ऐकून घेतल्याशिवाय आरती होत नाही. मोठ्या मानाची दिंडी असो की शेवटच्या नंबरची, सगळा सोहळा तिच्यासाठी थांबतो.

आमचे टाळ वाजत राहिले. मला त्या वेळी नेहमी छातीत धडधडतं. खोटी किंवा क्षुल्लक तक्रार घेऊन एवढ्या लोकांना ताटकळत ठेवायची हिंमत होत नाही, आणि त्यामुळेच तक्रारी थोड्या आणि खऱ्या असतात. चोपदार आले. आमच्या महाराजांनी दोन वाक्यांत सांगितलं. शेजारच्या दिंडीचे प्रमुख पुढे आले आणि म्हणाले, "आमच्या जागेत पाणी साचलंय, म्हातारी माणसं चिखलात कशी निजवायची?" खरंच साचलं होतं. आमच्या पोरांनी रागाच्या भरात तिकडे पाहिलंच नव्हतं.

ठरलं ते असं: आजची रात्र राहुट्या आहेत तिथेच राहतील, कडेची मोकळी पट्टी आम्हाला मिळेल, आणि यापुढे फक्कीच्या आत यायचं असेल तर आधी शेजाऱ्याला विचारायचं. सगळं आमच्या बाजूचं झालं नाही. पट्टीत खडे होते. तरी गाऱ्हाणं आरतीच्या आत संपलं. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या गेल्या, उद्या निघायची वेळ सांगितली गेली, आणि आरती झाली. रात्री त्या दिंडीतल्या चार पोरांनी येऊन आमची पट्टी झाडून दिली. त्यांना कुणी पाठवलं होतं का, मी विचारलं नाही.

रात्री नऊ

जेवण झाल्यावर वही उघडते. आज तेल किती, गॅस किती, टँकरचं डिझेल किती, देणगी कुणाची, हे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. ऐकणाऱ्यांपैकी अर्ध्यांना वाचता येत नाही. म्हणून तर वाचायचं. एका आजींना आकडे तोंडपाठ राहतात. काल डिझेल इतकं होतं, आज एवढं कसं, असं त्या विचारतात आणि वहीवाल्याला उत्तर द्यावं लागतं. आजींमुळे आमचा हिशेब कधी तुंबत नाही.

मग उद्याची पाळी. उद्या माळशिरस ते वेळापूर. वाटेत खुडूसचं रिंगण, आणि वेळापूरच्या अलीकडे धावा. तिथल्या टेकडीवरून तुकोबांना पंढरपूरचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, असं मानतात. तेव्हापासून दिंड्या त्या उतारावरून पळत येतात. गुडघे दुखणारेही पळतात. त्यामुळे उद्या ट्रकवर जायला कुणीच तयार नसतं.

वाद बराच चालला. तळाची पोरं म्हणाली, आमचं आजचं रिंगण गेलं, उद्याचा धावा आम्हाला हवा. चिठ्ठ्या टाकू, असं कुणी सुचवलं. अक्का म्हणाल्या, चिठ्ठीत पुन्हा त्याच पोराचं नाव निघालं तर? त्यांनी शांत आवाजात विचारलं, "आज रिंगण कुणाकुणाला पुढच्या ओळीत बसून बघायला मिळालं?" काही हात वर गेले. त्यात माझा होता, हजेरीवाल्याचा होता. धर्मपुरीहून आलेल्या त्या नवऱ्याचाही होता.

उद्या ट्रकवर आम्ही. वहीत आमची नावं लिहिली गेली, पोरांची खोडली गेली. त्यातला सगळ्यांत थोरला माझ्याजवळ येऊन राहुट्या चढवायचा क्रम पुन्हा एकदा सांगू लागला: म्हाताऱ्यांची शेवटी, बायकांची त्याच्याआधी, आणि खुंट्या मोजल्याशिवाय पोत्याचं तोंड बांधायचं नाही.